बैलांनंतरची मॅटाडोर

स्पेनमध्ये बैलाशी झुंजून अखेर त्याला ठार करणाऱ्या वीराला मॅटाडोर म्हणतात. हॅम्बुर्गच्या कारखानदारांनी १९४९ साली आपल्या नव्या मालवाहू गाडीला हे नाव दिले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आमच्या माळव्यातला बैल असण्याचे काही कारण नव्हते. पण बारसे करणाऱ्याला पुढचे कुठे दिसते? वीस वर्षांनी, १९६९ साली, ती गाडी पुण्याजवळ आकुर्डीला तयार होऊ लागली, तिथून आमच्या इंदुरात आली, आणि सियागंजाच्या तोंडाशी जू मानेवर घेऊन रवंथ करीत उभ्या असणाऱ्या बैलांना तिने पंधरा-वीस वर्षांत तिथून उठवले. रक्ताचा थेंबही सांडला नाही. फक्त एक दिवस लक्षात आले की, दुकानांपुढची शेणाची पोवटी गेली आणि त्या जागी काळ्या तेलाचे डाग पडले आहेत.

पुढे ती मॅटाडोरही गेली. तिची मृत्युवार्ता चार ओळींत तरी कुठे छापून आल्याचे मला स्मरत नाही. एखादा गवई किंवा नट गेला म्हणजे या पानावर लेख येतो, आणि तो यावाच. पण ज्या गाडीतून आपल्या कितीतरी घरांची बिऱ्हाडे हलली, गणपती आले, नाटकाचे पडदे वाहून नेले गेले, तिच्याविषयीही कोणी दोन शब्द लिहायला काय हरकत आहे?

मॅटाडोरची ओळख करून घ्यायची तर आधी तिच्या थोरल्या भावाला भेटले पाहिजे. आपण ज्याला टेम्पो म्हणतो, ते मूळचे विशेषनाम. हॅम्बुर्गच्या व्हिडाल आणि पुत्र या पेढीच्या गाड्यांचे ते नाव. नवलमल फिरोदिया यांनी त्या पेढीशी करार करून १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी काढली आणि मुंबईत गोरेगावला तीनचाकी गाडी बांधायला आरंभ केला. तिचे खरे नाव हान्सेआट. हॅम्बुर्गसारख्या जुन्या व्यापारी नगरांच्या नागरिकाला तिकडे हान्सेआट म्हणतात. असले भारदस्त नाव आपल्याकडे कोण उच्चारणार! पुढे लांबट सोंड, सोंडेखाली एकच चाक, आणि सगळी गाडी ओढण्याचे काम त्या एका चाकाकडे. महाराष्ट्रात लोकांनी तिला डुक्कर म्हटले, आमच्याकडे भटसुअर. कागदोपत्री हान्सेआट, तोंडावर टेम्पो आणि पाठीमागे डुक्कर, अशी तिन्ही नावे तिने मुकाट्याने सोसली. त्यांतले मधले नाव मराठीत असे काही रुजले की, आज चार चाकांची, सहा चाकांची, कोणत्याही कारखान्याची मालगाडी दारात उभी राहिली तरी आजीबाई म्हणतात, “टेम्पो आला.” वनस्पती तुपाचे जसे डालडा झाले, तसेच हे.

मॅटाडोर ही या घराण्यातली चारचाकी. जर्मनीत तिचे नशीब काही धड नव्हते. पहिल्या पिढीला फोक्सवागेनचे इंजिन लावले होते. ते मिळेनासे झाल्यावर दुसरे शोधावे लागले. मग व्हिडालांचा कारखाना हानोमागकडे गेला, हानोमाग हेन्शेलशी जोडला गेला, आणि शेवटी सगळेच मर्सिडीजवाल्या डाइम्लर-बेंझच्या घरात जाऊन पडले. नाव बदलत बदलत तिकडे ही गाडी १९७७ पर्यंत निघाली. त्यानंतर मर्सिडीजने तिच्या जागी जी नवी गाडी आणली, तीच पुढे १९८७ साली आपल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलर म्हणून अवतरली. म्हणजे माहेरी जिची जागा धाकटीने घेतली होती, ती थोरली सासरी आणखी वीसएक वर्षे नांदली, आणि शेवटची काही वर्षे त्या धाकटीबरोबर एकाच घरात!

ती एवढी आवडती का झाली? माझ्या मते त्याचे सारे रहस्य तिच्या मापात होते. रस्त्यावर त्या काळी एका टोकाला हातगाडी, बैलगाडी आणि भटसुअर, तर दुसऱ्या टोकाला ट्रक. मधली जागा रिकामी. ट्रक रामबागेच्या गल्लीत शिरत नसे आणि भटसुअरात शिसवी पलंग मावत नसे. मॅटाडोर गल्लीतही शिरे आणि पलंगही घेई. शिवाय तिची ओढ पुढच्या चाकांना असल्यामुळे इंजिनापासून मागच्या चाकांकडे जाणारा लोखंडी दांडा तिच्या पोटाखाली नव्हता. म्हणून तिचा तळ बुटका. दोन माणसे फळी न लावता लोखंडी कपाट आत सरकवू शकत. ज्याने कधी बिऱ्हाड हलवले आहे, त्याला या एका वितीचे मोल वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात मात्र हीच पुढची ओढ नखरे करी. ओझे सगळे मागे आणि जोर पुढे, म्हणजे काळ्या मातीच्या चढावर पुढची चाके जागच्या जागी फिरू लागत. मग ड्रायव्हर हमालांना मागून उतरवून पुढे आपल्याशेजारी दाटीवाटीने बसवी, आणि गाडी हळूच वर येई. ड्रायव्हरच्या शेजारी माणसे जितकी जास्त तितकी गाडी चांगली चालते, हे शास्त्र जगात इतरत्र कुठे मान्य होईल असे वाटत नाही.

आमचे बिऱ्हाड रामबागेतल्या वाड्यातून लोकमान्यनगरला गेले ते १९७८ साली. आजोबा होळकर दरबारच्या चाकरीत होते. संस्थान १९४८ साली विलीन झाले, पेन्शन राहिली, वाडा मात्र भाडेकऱ्यांचाच होता. बाबांनी कर्ज काढून तीन खोल्यांचे घर बांधले होते. वाड्यातल्या लोकांनी सांगितले, ट्रक नको, मॅटाडोर बोलवा. तिच्यात काय काय गेले याची यादी मला अजून पाठ आहे: सुटा केलेला पलंग, दोन कपाटे, जाते, पाटा-वरवंटा, घंगाळ आणि तीन हंडे, पापडांचे डबे, पाळणा, आजोबांच्या बखरींची ट्रंक, तुकोजीराव महाराजांची चौकटीतली तसबीर आणि तुळशीवृंदावन मातीसकट. सगळे एका खेपेत. वर थोडी जागा उरली तिथे आम्ही भावंडे बसलो. त्या दिवशी मला प्रथमच उमगले की, आपल्यासारख्या मध्यम स्थितीच्या मराठी घराचे सारे वैभव मोजायचे एक माप आहे, आणि ते म्हणजे एक मॅटाडोर.

आजी देवांचा संपुष्ट मांडीवर घेऊन पुढे बसायला तयार नव्हती. आत इंजिनाचे झाकण तापते, देवांना आच लागेल, ही तिची शंका. ड्रायव्हर मुसलमान होता, उतारवयाचा. त्याने आपल्या खांद्यावरचा पंचा घडी करून त्या झाकणावर घातला आणि म्हणाला, “माँजी, भगवान आगे ही बैठेंगे. पीछे सामान बैठता है.” आजी निमूटपणे चढली. नव्या घरी पोचल्यावर बाबांच्या आधी तिने त्याच्या हातावर साखर ठेवली.

कितीतरी वर्षे अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे सामान, रंगपंचमीच्या गेरीतली रंगाची पिंपे, आमच्या उत्सवातल्या नाटकाचा दिवाणखाना आणि बुरूज हे सगळे याच गाडीने वाहिले. नाटकाच्या रात्री परतताना मागच्या फळ्यांवर बसून राजापासून दासीपर्यंत सगळे नट रंग न पुसता घरी जात, आणि गस्तीचा पोलीस सलाम ठोकावा की हटकावे या विचारात पडे.

ही झाली वापरणाऱ्यांची बाजू. चालवणाऱ्यांची बाजू मी आमच्या शेजाऱ्यांकडून पाहिली. ते गिरणीत साचेवाले होते. इंदूरच्या गिरण्यांवर एकामागून एक अवकळा आली. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली, इतरांचे भोंगेही थांबत गेले. शेजाऱ्यांची गिरणी बंद पडली तेव्हा ते चाळिशीत होते, घरात दोन मुली आणि एक मुलगा. वहिनींनी पाटल्या काढून दिल्या. त्यांच्यात थोडी भर घालून त्यांनी जुनी मॅटाडोर घेतली. नवी कोरी नव्हे. मागच्या मालकाच्या दुकानाचे नाव बाजूवर अर्धवट खरवडलेले होते. पण मधल्या मापाच्या या गाडीची खुबी अशी की, ती एका माणसाला घेता येई, एका माणसाला चालवता येई, आणि बिघडली तर रस्त्याच्या कडेला एका मिस्त्रीला उघडता येई. ट्रकला मालक लागतो, क्लीनर लागतो, पेढी लागते. मॅटाडोरला एक संसार पुरे. त्या गाडीवर दोन मुलींची लग्ने झाली. दुसऱ्या लग्नात तर वऱ्हाडही तिच्यातूनच आले.

मग अशी गाडी बंद का झाली? कारखानदाराला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. परवान्यांच्या राज्यात मधल्या जागेत मॅटाडोरला भागीदार फारसे नव्हते. १९८० नंतरच्या दशकात सरकारने दार किलकिले केले आणि जपानी कंपन्यांशी करार करून टोयोटा, मझदा, निसान, मित्सुबिशी अशा चार घराण्यांच्या हलक्या ट्रका आल्या. त्यांतली मित्सुबिशीवाली आयशर तर आमच्या अंगणातच, पीथमपूरला, बनू लागली. १९८६ साली टाटांनी ४०७ काढली. या सगळ्या मॅटाडोरपेक्षा दणकट, आणि पाठीवर जास्त घेणाऱ्या. मॅटाडोरला मर्सिडीजच्या घराण्यातले डिझेल इंजिन मिळाले होते, पण अंगाखांद्याचा सांगाडा जुनाच. पुढे धुराचे नियम कडक होत गेले. २००० साली तीनचाकी हान्सेआटचे उत्पादन थांबले. त्याच सुमारास मॅटाडोरही आटोपली. २००५ साली टाटांची एस आली, जिला लोक छोटा हाथी म्हणतात. त्याच वर्षी बजाज टेम्पो कंपनीने आपले नाव बदलून फोर्स मोटर्स केले. म्हणजे टेम्पो हा शब्द कारखान्याच्या पाटीवरून उतरला, तो आता फक्त आपल्या तोंडात उरला आहे.

वरून ४०७ने दाबले आणि खालून छोट्या हाथीने ढकलले; मधलीने कुठे जावे? हे काही आपल्याकडेच घडले असे नाही. माझा भाचा अमेरिकेत मिशिगनमध्ये असतो. तिकडे डॉज कंपनीने १९८६ साली डकोटा नावाची गाडी काढली होती. लहान पिकअपहून मोठी आणि मोठ्या पिकअपहून लहान, असे मधले माप त्या देशात तिनेच रूढ केले. तीही २०११च्या ऑगस्टमध्ये बंद झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस फोर्डनेही आपली तिकडची रेंजर थांबवली. मोठ्या पिकअपच्या किमती मधलीच्या इतक्या जवळ येऊन ठेपल्या होत्या की, लोक म्हणत, थोडे पैसे टाकून मोठीच घ्यावी. भाचा अजून आपली डकोटा जपून आहे. फोर्डला मात्र पुढे उपरती झाली आणि २०१९ साली रेंजर तिकडे परत आली. मॅटाडोरला परत बोलावणारे कोणी निघाले नाही.

छोट्या हाथीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. स्वस्त आहे, कमी डिझेल पिते, आणि कितीतरी तरुणांना तिने पोटाला लावले आहे. पण एक बिऱ्हाड तिच्यात बसत नाही. दोन खेपा लागतात. पहिल्या खेपेबरोबर कोणी जायचे आणि दुसरीपाशी कोणी थांबायचे, यावरून घरात वाद होतात, हे मी अलीकडेच मुलाच्या बिऱ्हाडाच्या वेळी पाहिले.

शेजाऱ्यांनी उत्पादन थांबल्यावरही पुष्कळ वर्षे गाडी ओढली. इंजिनाचे भाग मिळत, कारण तेच इंजिन त्या कारखान्याच्या इतर गाड्यांतही असे. अडचण होती ती पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या सांध्यांची. तसले सांधे दुसऱ्या गाडीचे चालत नसत. ते आधी लोहामंडीत, मग देवासला, मग भंगारवाल्यांकडे मेलेल्या मॅटाडोरच्या पोटात शोधत हिंडायचे. एकदा त्यांनी मला सांगितले, “भाऊसाहेब, आता हिच्यासाठी दुसरीचा जीव घ्यावा लागतो.” मेलेली गाडीही मिळेनाशी झाली तेव्हा त्यांनी ती काढली. देवासचा एक माणूस आपल्या गाडीत बसवायला इंजिन घेऊन गेला, पत्रा वजनावर गेला. मागच्या सागवानी फळ्या वहिनींनी दिल्या नाहीत. त्यांची मांडणी केली. तिच्यावर लोणच्याच्या बरण्या आहेत.

धंदा आता मुलगा पाहतो. फोन मात्र अजून वडिलांच्याच नावावर येतात. परवा मी तिथे बसलो असताना एक आला. पलीकडे कोणी जुन्या ओळखीच्या बाई असाव्यात.

“हो, मॅटाडोर आहे ना,” ते म्हणाले. “किती वाजता पाठवू?”

बाहेर मुलगा छोट्या हाथीचा मागचा फाळका धूत होता.