जुहूचा तळ आणि पाणी

पहाटे पाचच्या आत आमच्या मजल्यावर लिफ्टचं जाळीचं दार वाजलं की आम्हा शेजाऱ्यांना कळतं, दादा समुद्रावर निघाले. विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये मीरा रोडला कसंबसं चढायचं, अंधेरीला उतरून रिक्षा करायची, एस. व्ही. रोडवरच्या जुहू विमानतळाच्या फाटकाशी वेळेत पोचायचं आणि दुपारच्या जेवणाआधी अरबी समुद्रात, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामाला उभं राहायचं. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर या चौदा-चौदाच्या तारखांना लाल पेनाने गोल केलेले असतात. लग्न, बारसं, मुलांची परीक्षा, सगळं त्या गोलांच्या आधाराने ठरतं.

संपादकांना राज्यातल्या एखाद्या छोट्या विमानतळावर लेख हवा होता. कोल्हापूर, जळगाव, चिपी अशी नावं निघाली. मी जुहू मागून घेतलं, ते या लाल गोलांमुळे.

जुहूला विमानतळ आहे हेच पश्चिम उपनगरांतल्या अनेकांना माहीत नसतं. चौपाटीवर भेळ खाताना डोक्यावरून हेलिकॉप्टर जातं, आपण मान वर करतो आणि पुन्हा भेळेकडे वळतो. नानावटी रुग्णालयाच्या आसपास, इमारतींच्या मागे एक विस्तीर्ण मोकळी जागा आहे. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत. मोठी ११४३ मीटरची. सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीच्या ती जेमतेम एक तृतीयांश भरेल. एक नियंत्रण मनोरा, जुनी-नवी हँगर, पवन हंस या हेलिकॉप्टर कंपनीचा तळ, बॉम्बे फ्लाइंग क्लब. ढगातून विमान खाली आणणारी उपकरणं इथे नाहीत. वैमानिकाला जमीन डोळ्यांनी दिसली पाहिजे, असा इथला कारभार. मुंबईचा मोठा विमानतळ २००६ साली खाजगी कंपनीकडे गेला, जुहू मात्र अजून भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडेच आहे.

हा देशातला पहिला नागरी विमानतळ. १९२८ साली इथे सुरुवात झाली. त्याच वर्षी निघालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबात जे. आर. डी. टाटा विमान चालवायला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. पुढची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही येते. १५ ऑक्टोबर १९३२ ला पहाटे साडेसहाच्या सुमारास ते एकटेच कराचीहून ‘पस मॉथ’ या एका इंजिनाच्या छोट्या विमानात टपाल घेऊन निघाले. अहमदाबादला इंधन भरायला उतरले, तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. दुपारी दोनच्या आत ते जुहूला पोचले. इथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. एअर इंडियाचा जन्म तो हाच.

मला त्या उड्डाणापेक्षा त्याच्या पुढचा पावसाळा जास्त महत्त्वाचा वाटतो. टाटांच्या नव्या सेवेचं जुहूचं ठाणं म्हणजे एक झावळ्यांनी शाकारलेली शेड आणि समोर खाजणातली चिखलाची सपाट जमीन. पावसाळा सुरू झाला की मैदान पाण्याखाली जायचं. मग सगळा पसारा उचलून पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर न्यायचा आणि पाऊस सरला की परत आणायचा. नव्वद वर्षांपूर्वीची ही अडचण लक्षात ठेवावी, कारण जुहूच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझचा तळ उभा राहिला आणि युद्धानंतर मोठी विमानं तिकडे गेली. जुहू मागे राहिलं, पण विसरलं गेलं नाही. दोन्ही ठिकाणच्या मुख्य धावपट्ट्यांची दिशा जवळजवळ एकच आहे आणि समुद्राकडून येताना जुहूची आधी लागते. त्यामुळे परदेशी वैमानिक चुकून इथेच उतरल्याच्या घटना घडल्या. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनीचं ‘कॉमेट’ हे जेट विमान जुहूवर उतरलं. एवढ्याशा पट्टीवरून ते पुन्हा हवेत जायला नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ उतरलं आणि धावपट्टी संपवून पुढे घुसलं. विमान कायमचं निकामी झालं. आतले सगळे वाचले, हे नशीब.

१५ ऑक्टोबर १९८२ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे. आर. डी. पुन्हा एकदा कराचीहून विमान चालवत जुहूला आले. २०२१ मध्ये त्याच तारखेला आपल्या पश्चिम रेल्वेच्या वाटेवरची, बोरिवलीची आरोही पंडित भुजहून अहमदाबादमार्गे छोट्या विमानाने इथे उतरली. मात्र शिकाऊ वैमानिकांना मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात जागा उरलेली नाही. फ्लाइंग क्लबने प्रशिक्षण धुळ्याला नेलं आहे.

मग आज जुहू जगतं कशावर? समुद्रातल्या तेलावर. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगला मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर तेल लागलं. मे १९७६ पासून बॉम्बे हाय या क्षेत्रातून तेल निघू लागलं. तिथल्या हजारो माणसांना न्यायचं-आणायचं तर हेलिकॉप्टर हवं. त्यासाठी १९८५ मध्ये सरकारने हेलिकॉप्टर कॉर्पोरेशन काढलं, तेच पुढे पवन हंस झालं. ओएनजीसी त्यात भागीदार आहे. दादांसारखी माणसं रोज या फाटकातून आत जातात.

एकदा मी फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. आत परवानगी नव्हती, त्यामुळे पुढचं त्यांनी परत आल्यावर आमच्या बाल्कनीत बसून सांगितलं. आधी नाव यादीशी, म्हणजे मॅनिफेस्टशी जुळवतात. मग बॅगेचं वजन आणि माणसाचंही वजन. हेलिकॉप्टरला किलोकिलोचा हिशेब लागतो, कारण परतीचं इंधन धरून किती माणसं बसतील ते त्यावर ठरतं. मग सुरक्षेची फिल्म, कानांवर मफ, अंगात लाइफ जॅकेट. पंखे फिरत असतानाच वाकून चढायचं. पाऊण-एक तासाने खाली निळ्या पाण्यात पिवळी-लाल बेटं दिसू लागतात, ते प्लॅटफॉर्म.

“ते जॅकेट फुगवायचं कधी, सांगा बरं ताई,” त्यांनी मला विचारलं. पाण्यात पडल्यावर लगेच, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. आतच फुगवलं तर माणूस छताला चिकटतो आणि खिडकीतून बाहेर निघू शकत नाही. बाहेर पडल्यावरच फुगवायचं.

या एका प्रश्नावर आम्ही दोन तास बोललो. हेलिकॉप्टरचं इंजिन आणि गिअरबॉक्स डोक्यावर असतात, म्हणजे सगळं जड सामान वर. पाण्यावर टेकलं की लाटेने ते कलंडतं आणि उलटं होतं. म्हणून खाली दोन्ही बाजूंना फुगणारे फ्लोट बसवलेले असतात. ते थोडा वेळ तरी यंत्राला तरंगतं ठेवतात. आत बसलेल्या माणसाने काय करायचं, हे शिकवायला ‘ह्युएट’ नावाचं प्रशिक्षण आहे. गोव्यात बेतूलला ओएनजीसीची सुरक्षा-संस्था आहे, तिथे तलावात हे शिकवतात. हेलिकॉप्टरच्या आकाराचा पिंजरा, त्यात पट्टे बांधून बसलेली माणसं. पिंजरा पाण्यात सोडतात आणि पाण्याखाली उलटा करतात. नाकात पाणी जातं. वर कुठे, खाली कुठे, काही कळत नाही. डोळे उघडे असले तरी समोर फक्त बुडबुडे.

“तेव्हा एकच करायचं. एक हात खिडकीच्या चौकटीवर, एक पट्ट्याच्या बकलवर. पिंजरा फिरायचा थांबेपर्यंत हलायचं नाही. मग खिडकी ढकलायची, मग पट्टा सोडायचा. आधी पट्टा सोडला की संपलं, माणूस आतच भोवंडतो. आणि चौकटीवरचा हात काही झालं तरी सोडायचा नाही. तो हात म्हणजेच दार.” दादांनी बाल्कनीच्या ग्रिलला हात लावून मला हे दाखवलं. पन्नाशीच्या माणसाचा तो हात आपोआप, न बघता, बरोबर जागी गेला. दरवेळी हेलिकॉप्टरमध्ये बसलं की आधी ते खिडकीची चौकट हाताने चाचपून घेतात. शेजारी नवीन पोरगा असेल तर त्यालाही चाचपायला लावतात. इतक्या वर्षांत त्यांच्यावर हे वापरायची वेळ आलेली नाही. सराव मात्र सुटलेला नाही.

ही भीती कल्पनेतली नाही. ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात तेल कामगारांना नेणारं हेलिकॉप्टर कोसळून २७ जण गेले. १३ जानेवारी २०१८ ला जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर समुद्रात पडलं, दोन वैमानिक आणि ओएनजीसीचे पाच अधिकारी, सातही जण मरण पावले. २८ जून २०२२ ला ‘सागर किरण’ रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं. नऊपैकी चौघे गेले, पाच वाचले. त्या दिवशी वहिनी दुपारभर टीव्हीसमोरून उठल्या नाहीत. दादा तेव्हा घरीच होते, शेजारी बसलेले होते, तरीही.

आता पाण्याकडे परत येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. जुहूचा तळ पाण्यात गेला. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, बॉम्बे हायच्या उत्तरेकडच्या प्लॅटफॉर्मवर जहाज आदळलं, तेलवायूची नळी फुटली आणि काही वेळात सगळा प्लॅटफॉर्म जळून गेला. २२ माणसं गेली. ३६२ जणांना वाचवण्यात यश आलं, तेही बरंचसं जहाजांनी खवळलेल्या समुद्रातून. मदतीला हेलिकॉप्टरं लागत होती त्याच वेळी किनाऱ्यावरचा त्यांचा तळ पुरात होता. माझ्या मते जुहूच्या इतिहासातला हा सगळ्यात गंभीर दिवस, आणि त्याची आठवण फारच कमी ठेवली गेली आहे. १९३३ मध्ये पाणी भरलं तर टाटा पुण्याला जाऊ शकत होते. पुण्याहून बॉम्बे हायची ने-आण चालवणं अवघड आहे.

त्या पुरानंतर इर्ल्याला पंपिंग स्टेशन झालं. भरतीच्या वेळी समुद्राकडची दारं बंद करायची आणि नाल्याचं पाणी पंपाने उचलून पलीकडे टाकायचं. त्याचा उपयोग झाला, आसपासचे रहिवासी ते मान्य करतात. पण जमीन होती तशीच सखल आहे, आणि मोठी भरती व मोठा पाऊस एकाच वेळी आला की इर्ला नाल्याच्या दोन्ही काठांवर अजून धास्ती असते.

दुसरी अडचण जमिनीवरून वर जाते. धावपट्टीभोवती ठरावीक उंचीच्या वर बांधता येत नाही. विलेपार्ले, अंधेरी, जुहूतल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतींना त्यामुळे विकासक मिळत नाही. घर गळतं, खांबांना तडे जातात, आणि पुनर्विकासाची फाइल हलत नाही. दहिसरला विमानतळ प्राधिकरणाच्या रेडिओ केंद्रामुळे असाच प्रश्न आहे, तो आम्ही मीरा रोडकर रोज लोकलमधून जाताना बघतो. या रहिवाशांचं दुःख खरं आहे. एवढ्या छोट्या, जुन्या विमानतळाची गरजच काय, असं त्यांच्यातले काही विचारतात. धावपट्टी समुद्रात पुढे वाढवण्याचे आराखडेही मधूनमधून निघतात. चौपाटीवरच्या रस्त्याचं आणि वाळूचं काय करायचं, यावर ते अडतात.

तिसरी अडचण मालकीची. पवन हंस विकायचं सरकारने ठरवलं, २०२२ मध्ये एक खरेदीदार ठरलाही, पण २०२३ मध्ये तो व्यवहार रद्द झाला. इतकी वर्षं विक्रीच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या कंपनीत नवी यंत्रं, नवी माणसं यांवर किती खर्च होतो, ही काळजी तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला असते. दादा यावर फार बोलत नाहीत. “यंत्र जुनं चालेल, ताई. देखभाल जुनी चालत नाही,” एवढंच म्हणाले.

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं उडू लागली आहेत. महानगराची विमानप्रवासाची भूक आता दोन मोठ्या विमानतळांवर भागवली जाईल, आणि जुहूच्या मोकळ्या जागेकडे पाहणाऱ्या नजरा वाढतील. माझं मत स्पष्ट आहे. समुद्राला इतका जवळ, शहराच्या पोटात असलेला आणि हेलिकॉप्टरसाठीच तयार झालेला दुसरा नागरी तळ मुंबईकडे नाही. तो राहिला पाहिजे. पण तो ठेवायचा तर उंचीच्या नियमामुळे अडकलेल्या इमारतींना त्याची भरपाई शहराने द्यायला हवी, वाढीव चटईक्षेत्र दुसरीकडे वापरू देऊन किंवा थेट पैशाने. एका तळाचा भार फक्त शेजारच्या गळक्या छतांनी का वाहावा? आणि पाणी उपसण्याची व्यवस्था विमानतळाच्या सुरक्षेचाच भाग समजून तपासली गेली पाहिजे, दरवर्षी, मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी.

या महिन्यात दादांचा परतीचा गोल २३ तारखेवर आहे. त्या दिवशी दुपारी साडेबाराला मोठी भरती आहे, असं वहिनींनी त्याच चौकोनात बारीक अक्षरांत लिहून ठेवलं आहे.