कात्रणं कुठवर पोचतात

मार्क ट्वेन यांच्या एका पुस्तकात त्यांनी लिहिलेला मजकूर जवळजवळ नव्हताच, तरी ते धडाक्यात खपलं. ती होती चिकटवही! १८७३ साली त्यांनी चक्क तिचं पेटंट घेतलं. पानांवर आधीच डिंकाचे पट्टे ओढलेले. ते ओले करायचे, कात्रण दाबायचं, झालं. खळीचं भांडं नको, बरबटलेली बोटं नकोत. ट्वेन यांच्या नावावर तीन पेटंटं आहेत. पैसा दिला तो या एकाने.

लोक एवढं चिकटवत तरी काय होते? रंग! १८३७ साली एंगेलमान या फ्रेंच मुद्रकाने रंगीत शिळाछापाचं पेटंट घेतलं आणि स्वस्त रंगीत चित्राचं युग उजाडलं. त्यामागची युक्ती ऐकून थक्क व्हायला होतं. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं आणि दगड पाण्याने भिजवायचा. तेल पाण्याला झिडकारतं, त्यामुळे छपाईची शाई फक्त रेघांना धरते. हा झाला एक रंग. दुसऱ्या रंगाला दुसरा दगड, तिसऱ्याला तिसरा. गालावरची लाली हवी, तर तिच्यासाठी वेगळा दगड! प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच जागी बसला पाहिजे, नाहीतर लाली नाकावर जायची. जर्मन कारखाने अशी फुलं, पऱ्या, पक्षी छापून, उठाव देऊन, कडेने कापून विकू लागले. याच तंत्राचा छापखाना १८९४ साली राजा रविवर्मांनी मुंबईत काढला. त्यांच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या आणि घरातल्या बायकांनी त्या चित्रांवर जर, टिकल्या आणि कापडाचे तुकडे चिकटवून देवींना नेसवलं, नटवलं. चिकटवण्याची हौस कुणाला शिकवावी लागत नाही.

मग या हौसेला वेगळीच वाट फुटली. लंडनमध्ये १८५२ साली ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचं मुलांचं रुग्णालय अवघ्या दहा खाटांवर सुरू झालं. त्या काळी हाडांचा क्षय झालेली मुलं महिनोन्‌महिने पडून असत, कारण क्षयावर लागू पडणारं औषध यायला १९४० चं दशक उजाडायचं होतं. अशा मुलांनी दिवसभर पाहायचं काय? इंग्लंडातल्या बायका-मुली घरी बसून त्यांच्यासाठी चिकटवह्या करू लागल्या. पानं कागदाची नव्हे, कापडाची, कारण कागद लहान हातांत टिकत नाही. पैसे देऊ न शकणारी दहा-बारा वर्षांची मुलगीही अशा रीतीने रुग्णालयाला मदत करू शकत होती.

दुसऱ्यांसाठी अशा वह्या आज आपल्या गावात, आपल्या पेठेत करता येतील? येतील. पण आधी कागदाशी गाठ आहे.

जुन्या वहीतलं वर्तमानपत्राचं कात्रण उलटून पाहा. ते स्वतः तपकिरी झालेलं असतंच, पण समोरच्या कोऱ्या पानावरही त्याचा चौकोनी डाग उमटलेला असतो. न चिकटवता हा ठसा आला कुठून? उत्तर आहे आम्ल. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहून गेलेलं असतं. ते हवा-उजेडाने पिवळं पडतं. त्यात १८०७ साली मोरित्झ इलिग या जर्मन माणसाने शाई पसरू नये म्हणून कागदात तुरटी आणि राळ घालायची रीत काढली. कागद सुंदर झाला, पण दमट हवेत त्यातून आम्ल सुटू लागलं. आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडतं, आणि तुटण्याच्या या क्रियेतून आणखी आम्ल तयार होतं. चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध लागावं आणि तेच उद्याचं विरजण व्हावं, तसं हे चालतं. शेजारच्या पानालाही ते लागतं. उतारा मात्र किती साधा! कागदाच्या लगद्यात खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळलं की ते सुटणारं आम्ल गिळत राहतं. म्हणून दुकानात ‘अ‍ॅसिड-फ्री’ कागद मागा. कात्रणाची आणि फोटोची प्रत काढून तीच चिकटवा. आणि चिकट पानांवर प्लास्टिक ओढायचे ते जुने अल्बम? फोटोंचे वैरीच ते. आपल्या आजीची खळही नको. तिच्या वासाने कसर मेजवानीला येते.

कागद जमला, आता वही कुणासाठी करायची? इथेच खरी कमाल आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण गिरगावातल्या ट्रामचं तिकीट दाखवा आणि पाहा. थेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ सालीच टिपून ठेवलं होतं की स्मृती ढासळते तेव्हा नवं आधी जातं, जुनं मागून. अल्झायमर मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसवर लवकर घाला घालतो आणि नव्या आठवणी रुजतात त्या याच्याच मदतीने. शिवाय माणसाच्या आठवणींचा ढीग आयुष्यभर सारखा पसरलेला नसतो. साधारण दहा ते तिशीच्या दरम्यान त्याला ठळक उंचवटा येतो. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिलं भाड्याचं घर, सगळं तिथेच!

म्हणजे अशा आजोबांच्या वहीत काय लावायचं हे गणिताने काढता येतं. आज ऐंशीच्या आसपास असलेल्या माणसाचा उंचवटा १९५५ ते १९७५. १९५७ चे नवे पैसे, रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला, १ मे १९६० चा महाराष्ट्र, ३१ मार्च १९६४ ला धावलेली मुंबईची शेवटची ट्राम. नातवाचा परवाचा वाढदिवस नव्हे! पुणेकर असतील तर १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर ओठांवर येईलच, पण ते पान घरच्यांना विचारूनच करा. त्या पाण्यात कुणाचं काय गेलं, आपल्याला काय माहीत?

एका पानावर एकच चित्र, खाली मोठ्या अक्षरांत एक ओळ. आणि ‘ओळखलंत का?’ हा प्रश्न वर्ज्य. तो परीक्षेचा प्रश्न आहे. ‘ही ट्राम बघा, आजोबा’ म्हणायचं आणि थांबायचं. जादू होईल असं मात्र कुणाला सांगू नका. आठवणींच्या उपचारांवरच्या २२ अभ्यासांचा आढावा २०१८ साली निघाला. त्यात फायदा लहान दिसला, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. मला तो लहान फायदाही थोर वाटतो, कारण त्याची किंमत आहे कात्री, कागद आणि एक दुपार.

बालगृहातल्या मुलांचं गणित उलटं. आजोबांकडे आठवणी असतात, धागा सुटलेला असतो. या मुलाकडे कधीकधी स्वतःचा लहानपणीचा एक फोटोही नसतो. इंग्लंडमध्ये दत्तक जाणाऱ्या मुलासाठी त्याच्या जन्मापासूनची हकिकत सांगणारी वही तयार करतात. मी कुठून आलो, मला कुणी सांभाळलं, घरं का बदलली, हे त्याला त्याच्या भाषेत कळावं म्हणून. आपल्याकडे मात्र बाहेरच्या हौशी माणसाने मुलांचे फोटो मागायचेच नाहीत. बाल न्याय कायदा त्यांची ओळख उघड करायला मनाई करतो, आणि योग्यच करतो. मग आपण काय करायचं? किनारी सजवायच्या, कप्पे शिवायचे, ‘माझा पहिला दात’, ‘माझी शाळा’, ‘मला सांभाळणाऱ्या ताई’ अशी शीर्षकं रेखाटायची आणि वही रिकामी द्यायची. आतलं काय भरायचं ते मूल आणि त्याच्या ताई ठरवतील. कप्पे तेवढे खोल ठेवा, कारण मुलं त्यांत फोटोंबरोबर पिसं, गोट्या आणि बसची तिकिटंही कोंबतात.