निळी भिंत

बादलीत भिजवलेला पांढरा चुना, त्यात कपड्यांच्या निळीची एक पुडी. काठीने ढवळायचं आणि कुंचल्याने भिंतीवर ओढायचं. दिवाळीच्या तोंडावर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हे चालायचं, कुठे कुठे अजूनही चालतं. वर गर्द निळी भिंत आणि खाली हातभर गेरूचा पट्टा. आज आपण दुकानात शेडकार्ड चाळतो, एखाद्या झगझगीत रंगावर बोट ठेवतो आणि “नको, फार भडक होईल” म्हणत पुन्हा फिकट बदामीकडे वळतो. ती माणसं मात्र अख्खं माजघर निळं करून मोकळी व्हायची! मला त्या धीटपणाचं कौतुक वाटायचंच. पण त्या पुडीत नेमकं काय असतं हे कळल्यापासून मी जुनी निळी भिंत दिसली की थांबून पाहतो.

ही नीळ म्हणजे झाडाच्या पानांपासून काढतात ती नव्हे. पुडीतल्या भुकटीचं मूळ आहे अफगाणिस्तानात, बदख्शानच्या डोंगरांत. तिथे लाजवर्द नावाचा निळा दगड सापडतो. तो कुटून, मळून, धुऊन युरोपातले चित्रकार त्यातून निळा रंग काढत. तो इतका महाग पडे की मेरीमातेच्या वस्त्रासारख्या मानाच्या जागांसाठी राखून ठेवत. 1824 मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेने बक्षीस लावलं: हा रंग कारखान्यात बनवून दाखवा, किलोला 300 फ्रँकच्या वर जाऊ देऊ नका आणि 6,000 फ्रँक घेऊन जा. 1828 मध्ये ते झां-बाप्तिस्त गिमे यांना मिळालं. पुढे त्यांचा मुलगा एमिल यानेही निळीचा कारखाना चालवला. पॅरिसमधलं आशियाई कलेचं प्रसिद्ध गिमे संग्रहालय त्यानेच उभारलं. म्हणजे आशियातल्या दगडाची नक्कल करून झालेल्या श्रीमंतीतून आशियातल्या मूर्ती पॅरिसला पोचल्या!

आता भट्टीत काय घालतात ते बघा. पांढरी चिनी माती, पांढरा सोडा, पिवळा गंधक आणि काळा कोळसा. यात निळं काही दिसतंय? भाजून बाहेर येतं ते मात्र मोरपिसालाही मागे टाकेल असं निळं. कसं? ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू भट्टीत एकमेकांना धरून बारीक पिंजरे तयार करतात आणि त्या पिंजऱ्यांत गंधकाचे तीन-तीन अणू अडकतात. विद्युतभार असलेली ही तिकडी उजेडातला पिवळा-नारिंगी भाग गिळते, उरलेला निळा आपल्या डोळ्यांकडे परत येतो. पिंजऱ्याबाहेर, उघड्या हवेत ती टिकतच नाही. या रंगावर तीव्र आम्ल टाकलं तर पिंजरा मोडतो, निळेपणा उडून जातो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. कोंडलेला गंधक वायू होऊन सुटतो, त्याचा तो वास.

आम्ल या रंगाचा वैरी. आणि चुना? आम्लाच्या अगदी उलट स्वभावाचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला प्रशियन निळा चुन्यात मिसळला तर त्याचा निळेपणा जाऊन तो तपकिरी पडतो. आपली पुडीतली नीळ मात्र चुन्यात सुखाने नांदते. ही जोडी प्रयोगशाळेत कुणी ठरवली नव्हती. घराघरांतल्या हातांनी ती करून पाहिली आणि टिकली म्हणून धरून ठेवली.

चुन्याची स्वतःची करामत तर वेगळीच. पहिला हात मारला की भिंत भलतीच काळपट निळी दिसते, नवखा माणूस घाबरतो. त्या वेळी चुन्याच्या कणांमधल्या फटींत पाणी असतं आणि उजेड फारसा न विखुरता आत शिरतो. पाणी उडालं, फटींत हवा आली की तोच उजेड कणाकणावर आपटून चहूकडे उधळतो आणि भिंत उजळते. इथेच काम संपत नाही. पुढचे कितीतरी दिवस तो चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा दगड बनतो, ज्या चुनखडीतून तो आला तोच दगड! हा वायू कुठून येतो? थोडा बाहेरून आणि थोडा घरातल्या माणसांच्या श्वासातून. रात्री त्या खोलीत झोपलेल्या आजीचा, नातवंडांचा उच्छ्वास कणाकणाने भिंतीत दगड होऊन बसतो.

भडक होईल ही आपली भीती अगदीच खोटी नाही. शेडकार्डावरचा बोटभर तुकडा आणि चार भिंती यांचं गणित निराळं असतं. समजा, भिंत तिच्यावर पडलेल्या निळ्या उजेडापैकी 60 टक्के परत फेकते आणि तांबड्यापैकी 20 टक्के. पहिल्या उसळीनंतर निळा तांबड्याच्या तिप्पट. तोच उजेड समोरच्या भिंतीवर आपटून परतला की निळा 36, तांबडा 4. झाला नऊपट! आणखी एका उसळीत सत्तावीसपट. डोळ्यांपर्यंत पोचणाऱ्या उजेडात या सगळ्या फेऱ्या मिसळलेल्या असतात, म्हणून खोली तिच्याच रंगात भिजत जाते. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींच्या जवळ येतात, तिथे रंग सगळ्यात गाढ दिसतो, तो याच कारणाने. तेव्हा रंग निवडताना दोन मोठे पुठ्ठे रंगवा आणि कोपऱ्यात काटकोनात उभे करा. शेडकार्ड जे सांगत नाही ते हे पुठ्ठे सांगतील. एवढं करूनही गडद रंगच आवडला, तर खुशाल लावा.

आणि तो गेरूचा पट्टा? पावसाचे शिंतोडे, केरसुणीचे डाग त्यात लपतात हे खरं. पण डोळ्यालाही तो हवासा असतो. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगखात्याचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी 1839 मध्ये यावर जाडजूड ग्रंथ लिहिला: शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना बदलतात आणि विरोधी रंग एकमेकांना धार लावतात. निळ्यासमोरचा रंग नारिंगीकडे झुकणारा. गेरूही तिकडचाच. माजघरात हा ग्रंथ कुणी वाचलेला नव्हता, पट्टा मात्र बरोबर जागी होता.

तिन्हीसांजेला दिवा लावायची घाई करू नका. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळ्याचा अंशच कमी, त्यामुळे भिंत लगेच मंदावेल. नुसत्या मावळत्या उजेडात बसा. दिवसभर रंग ओळखणाऱ्या डोळ्यातल्या शंकूच्या आकाराच्या पेशींना आता उजेड पुरेनासा होतो आणि अंधारात काम करणाऱ्या दंडाकार पेशी जाग्या होतात. तांबडा उजेड त्यांना जवळजवळ कळतच नाही, निळ्या-हिरव्याकडे त्यांचा ओढा. संधिप्रकाशातला हा रंगबदल पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने 1825 मध्ये नोंदवून ठेवला. दुपारी ठसठशीत दिसणारा गेरू आधी विटकरी, मग काळा होत जातो. आणि वरची भिंत, उजेड कमी होत असतानाही, जरा पुढे सरकून उजळल्यासारखी वाटते.