मद्यसेवन व वजननियंत्रण

वजन घटविण्यासाठी आहारातील ऊर्जा मोजताना अन्नाचा हिशेब होतो, पेयांचा बहुधा राहून जातो. मद्यांच्या बाबतीत ही उणीव मोठी ठरते. कारण मद्यातील एथिल अल्कोहॉल (मद्यार्क) हेच ऊर्जादायी द्रव्य आहे. १ ग्रॅ. मद्यार्कापासून सु. ७ किलोकॅलरी (व्यवहारात ‘कॅलरी’) ऊर्जा मिळते. कार्बोहायड्रेटे व प्रथिने यांपासून ती सु. ४ आणि वसांपासून (स्निग्ध पदार्थांपासून) सु. ९ मिळते.

मद्यार्काचे शरीरात ज्वलन होते, हे विल्बर ओलिन ॲटवॉटर व फ्रॅन्सिस गॅनो बेनेडिक्ट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी दाखवून दिले. मिडलटाउन येथील वेस्लियन विद्यापीठात माणसाला ऊष्मामापक कोठडीत ठेवून त्यांनी हे प्रयोग केले. दिलेल्या मद्यार्काचे जवळजवळ पूर्ण ऑक्सिडीकरण होते, हा निष्कर्ष तेथील मद्यपानविरोधी चळवळीला रुचला नाही. मात्र इंधन असणे म्हणजे पोषक असणे नव्हे. मद्यार्कात प्रथिने, जीवनसत्त्वे वा खनिजे नसतात.

शरीरात मद्यार्क साठविण्याची सोय नाही. यकृतातील एंझाइमे त्याचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड व नंतर ॲसिटेट यांत रूपांतर करतात आणि हे ॲसिटेट स्नायू व इतर ऊतके इंधन म्हणून वापरतात. ते उपलब्ध असेपर्यंत वसांचे ज्वलन मंदावते. स्वित्झर्लंडमधील १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही घट सु. एक-तृतीयांश आढळली. मद्यार्काचे स्वतःचे मेदात रूपांतर अल्पच होते. त्याच्याबरोबर खाल्लेल्या अन्नातील वसा मात्र न जळता साठते.

बाटलीवर छापलेल्या मद्यार्काच्या प्रमाणावरून ऊर्जा काढता येते. १ मिलि. मद्यार्काचे वजन सु. ०·७९ ग्रॅ. असल्याने त्यापासून सु. ५·६ कॅलरी मिळतात. ४२·८ टक्के मद्यार्काच्या ६० मिलि. व्हिस्कीत या हिशेबाने सु. १४५ कॅलरी असतात. ५ टक्के मद्यार्काच्या ६५० मिलि. बिअरमध्ये मद्यार्काच्या सु. १८० व उरलेल्या कार्बोहायड्रेटांच्या सु. ८० मिळून २६० कॅलरी भरतात. ८ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरमध्ये केवळ मद्यार्काच्याच सु. २९० होतात. व्हिस्की, रम वा गोव्याची काजूफेणी ही ऊर्ध्वपातित (वाफ करून थंड केलेली) मद्ये असल्याने मूळ रसातील साखर त्यांत उतरत नाही. यावरून ती ‘हलकी’ असा समज पसरला आहे. वरील आकडे पाहता तो टिकत नाही. साखरविरहित पेय निवडल्याने हिशेबातील लहान भाग कमी होतो, मोठा तसाच राहतो. फेणी वा रम गोड पेयात मिसळली, तर २०० मिलि. पेयामागे सु. ८० कॅलरींची भर पडते; ती सोडा किंवा पाणी वापरून खरोखरच वाचते.

मद्ये निवडून वजन घटविण्याची कल्पना जुनी आहे. लंडनमधील विल्यम बँटिंग यांनी १८६३ साली स्थूलतेवर काढलेली पुस्तिका फार गाजली. त्यांच्या आहारात बिअर, पोर्ट व शँपेन वर्ज्य होती. क्लॅरेट व शेरी मात्र चालत. त्यांचे वजन सु. २० किग्रॅ. घटले, पण पाव, साखर व बटाटे यांवरही बंधन असल्याने त्याचे श्रेय मद्याच्या निवडीला देणे अवघड आहे.

मद्यासोबतचा चखणा हा हिशेबातील वेगळा रकाना होय. मूठभर (सु. ३० ग्रॅ.) तळलेल्या शेंगदाण्यांत सु. १७० कॅलरी असतात, म्हणजे त्या ६० मिलि. व्हिस्कीहून अधिक. शिवाय मद्याने भूक वाढते व संयम ढिला पडतो. द्रवरूप ऊर्जेने पोट भरल्याची जाणीव फारशी होत नाही, त्यामुळे पुढील जेवण तेवढ्या प्रमाणात कमी केले जात नाही.

अतिमद्यपी पुष्कळदा कृश दिसतात, ही विसंगती वरवरची आहे. त्यांच्या आहाराची आबाळ होते आणि दीर्घकाळच्या अतिसेवनाने यकृतातील एक पर्यायी ज्वलनमार्ग कार्यक्षम होऊन बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. चार्ल्स एस. लीबर व त्यांचे सहकारी यांनी १९७२ च्या सुमारास याकडे लक्ष वेधले. या कृशतेत स्नायूंचा क्षय व ब१ जीवनसत्त्वाची उणीव असते. तिला वजननियंत्रण म्हणता येत नाही.

याच कारणाने जेवण टाळून त्या कॅलरी मद्यासाठी राखून ठेवणे घातक आहे. उपाशीपोटी मद्यार्क वेगाने शोषला जातो व यकृतातील नवे ग्लुकोज तयार होण्याची क्रिया रोखली जाते. इन्शुलीन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील औषधे घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील ग्लुकोज त्यामुळे धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तिची अडखळती वाणी व ग्लानी नशा समजून दुर्लक्षिली जाते.

मद्यार्काचे एकूण प्रमाण घटविणे हाच ऊर्जा कमी करण्याचा सरळ मार्ग उरतो. रोज ६० मिलि. व्हिस्की घेणाऱ्याने ती आठवड्यातून दोनदाच घेतली, तर आठवड्याला सु. ७२५ कॅलरी वाचतात. मात्र दीर्घकाळ रोज भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास कंप, झटके व संभ्रम उद्भवू शकतात. अशा व्यक्तीची मद्यमुक्ती वैद्याच्या देखरेखीखालीच व्हावी लागते.