गडावर मुक्काम करताय? शिधा तंबूत नको, शिंक्यात ठेवा!

अकोले : पाऊस उघडला, भाताची सोंगणी उरकली की आपल्या भागात पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो. शनिवार-रविवारी हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसुबाई या वाटांवर गाड्यांची रांग लागते. पाठीवर बॅग, बॅगेत तंबू आणि दोन दिवसांचा शिधा. त्यांच्याबरोबर आपलीही पोरं वाट दाखवायला, सामान वाहायला, जेवण करायला जातात. नवरात्रात कळसुबाईला आणि महाशिवरात्रीला हरिश्चंद्रगडावर तर गावंच्या गावं चढतात. म्हणजे डोंगरावर मुक्काम हा फक्त शहरवाल्यांचा विषय राहिलेला नाही.

हे सगळे तंबू कसा लावायचा ते शिकतात. रात्री शिधा कुठं ठेवायचा, हे मात्र कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी शेती करतो, बातम्या देतो आणि हंगामात वाटाड्या म्हणूनही जातो. पुण्याकडच्या बाराजणांना घेऊन वर मुक्काम केला. दव पडतं म्हणून शिध्याचं पोतं मीच एका तंबूत सरकवलं. पोत्यात बाजरीचं पीठ, गूळ, शेंगदाणे, बटाटे. त्या तंबूत एक बाप आणि त्याचा आठ-नऊ वर्षांचा पोरगा झोपला होता. रात्री दोनच्या सुमाराला कापड टरकल्याचा आवाज आला. टॉर्च मारला तर रानडुकराची मादी, मागं चार-पाच पिल्लं. तिनं तंबू फाडून पोतं बाहेर ओढलं होतं. ताटं बडवल्यावर ती पळाली. पोराला खरचटलंसुद्धा नाही, कारण पोतं पायाकडं होतं. उशाकडं असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही झोप उडवतो.

चूक डुकराची नव्हती, माझी होती. ती टाळायला काय करायचं, ते पुढं सविस्तर देतोय.

कोण कधी येतं?

आधी चोर ओळखा, मग कुलूप ठरवा.

दिवसा येतात ती लालतोंडी माकडं, काळतोंडी वानरं आणि कावळे. माकडाला हात आहेत. बॅगेची चेन त्याला उघडता येते, सैल झाकण काढता येतं. प्लास्टिकची पिशवी दिसली की आत खाऊ आहे, हे त्याला पाठ झालंय. माकडं, वानरं रात्री झोपतात, त्यामुळे अंधारात त्यांचा त्रास नाही.

रात्रीचे गडी वेगळे. उंदीर आणि घूस पिशवी, बॅग, प्लास्टिकची बरणी, काहीही कुरतडतात. उदमांजर झाडावर सहज चढतं. साळिंदराला कंदमुळं आवडतात, त्यामुळे बटाटा-रताळी त्याच्या वाटेत नकोत. रानडुकराचं नाक फार तिखट, जमिनीखालचा कंदही ते हुंगून काढतं. आणि गडावरची मोकाट कुत्री तर दिवसरात्र मागंच असतात.

यावरून दोन नियम निघतात. दिवसा शिधा बंद आणि माणसाच्या नजरेखाली. रात्री शिधा बंद, उंच आणि माणसापासून लांब.

डबा कसला घ्यायचा?

कापडी पिशवी, गोणी, पातळ प्लास्टिक यांचा उपयोग नाही. सगळ्यात चांगला कडीचा स्टीलचा डबा. उंदराचे दात त्याला लागत नाहीत, झाकण घट्ट बसलं तर वासही कमी सुटतो. दोन माणसांचा एका मुक्कामाचा कोरडा शिधा पाच किलोच्या डब्यात आरामात बसतो. कडी ढिली असेल तर वरून दोरी किंवा सायकलच्या ट्यूबचा पट्टा आवळा.

जे कायम एका जागी जेवणाची सोय करतात, त्यांनी झाकणाचा पत्र्याचा मोठा डबा किंवा पेटी ठेवावी आणि तिला कुलूप लावावं.

सुकट, बोंबील, मटण, तळलेले पदार्थ यांचा वास लांब जातो, ते मुक्कामाला नेऊच नका. दशम्या, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, खजूर, भाजलेले हरभरे यावर दोन दिवस मजेत निघतात. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. साबण, टूथपेस्ट, डोक्याचं तेल, बिस्किटाचा रिकामा कागद यांनाही वास असतो. तेही रात्री शिध्याबरोबरच ठेवायचं, उशाशी नाही.

आजीचं शिंकं पुन्हा काढा

जुन्या घरात आढ्याला शिंकं असायचं. दूध-दही, भाकरी त्यात ठेवली की मांजराची, उंदराची चिंता नाही. डोंगरावरही तेच कामाला येतं. परदेशात अस्वलाच्या रानात मुक्काम करणारे लोकही शिधा असाच झाडाला टांगत आले आहेत. फरक एवढाच की आपल्या आजीला ते कुणी शिकवावं लागलं नाही.

पद्धत अशी :

- करंगळीपेक्षा बारीक, मजबूत नायलॉनची दोरी घ्या, चाळीस-पन्नास फूट.
- मुक्कामापासून साठ-सत्तर पावलांवरचं झाड निवडा. आडवी, जिवंत, वजन पेलणारी फांदी बघा. वाळकी फांदी नको.
- दोरीच्या टोकाला छोटा दगड बांधून फांदीवरून पलीकडं टाका. त्यावेळी खाली कुणी उभं राहू नये.
- दगड सोडून तिथं डब्याची पिशवी बांधा आणि वर ओढा. डबा जमिनीपासून दोन पुरुष उंच, म्हणजे दहा-बारा फूट हवा. खोडापासून पाच-सहा फूट लांब आणि फांदीच्या खाली तीन-चार फूट लोंबता हवा.
- दोरीचं दुसरं टोक शेजारच्या झाडाला बांधा.
- उंदीर दोरीवरून उतरतो. कोकणात नारळाच्या बुंध्याला उंदरासाठी पत्रा मारतात, तीच युक्ती इथं करा. पत्र्याच्या गोल तुकड्याला मधोमध भोक पाडून तो डब्याच्या वर दोरीत ओवा आणि खाली गाठ मारा. पत्रा डुगडुगतो, उंदराला पुढं जाता येत नाही.
- उजाडायच्या आत डबा खाली घ्या. माकडं जागी झाली की शिंक्याचा उपयोग संपला.

गडमाथ्यावर बऱ्याच ठिकाणी झाडच नसतं. तिथं कडीचा डबा झोपायच्या जागेपासून लांब, कातळाच्या कपारीत ठेवा, तोंडाशी जड दगड लावा आणि त्यावर दोन रिकामी ताटं ठेवा. काही हललं तर ताटं वाजतात. लेण्यात, देवळात मुक्काम असेल तर टांगायला भिंतीत खिळा ठोकू नका. ती शेकडो वर्षांची कोरीव कामं आहेत. आणि पायथ्याच्या गावात कुणाच्या घरी मुक्काम होत असेल तर सगळ्यात उत्तम. शिधा घरात आणि चार पैसे आपल्याच माणसाला.

खरी गोम खरकट्यात

शिधा सांभाळला आणि खरकटं कड्यावरून फेकलं, तर उपयोग शून्य. उरलेला भात, केळाची साल, मॅगीचं पाणी. "कुजून जाईल, जनावर खाईल" असं लोक म्हणतात. जनावर खातंच, आणि तिथंच गडबड होते.

गडाच्या वाटेवर लिंबू-सरबत विकणाऱ्या एका मावशीला मी विचारलं, माकडं एवढी अंगावर का येतात? मावशी म्हणाली, "आरं दादा, माकडाला भूक नसती, सवय असती." एका वाक्यात सगळं आलं. ज्या कळपाला पाहुण्यांनी वेफर्स चारले, तो कळप सोमवारी गड मोकळा झाला की खाली उतरतो. मग आपला हरभरा, भुईमूग, परसातली काकडी. पाहुणा फोटो काढून गेलेला असतो, राखण आपल्याला करावी लागते.

दुसरी साखळी याहून गंभीर आहे. खरकट्यावर मोकाट कुत्री वाढतात आणि कुत्र्यांच्या मागं बिबट्या येतो. ही ऐकीव गोष्ट नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच अकोले तालुक्यात, बागायती पट्ट्यात, बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो ते तपासलं. वजनाच्या हिशोबानं त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा निघाला, साधारण ३९ टक्के. म्हणजे बिबट्याला तुमची भाकरी नकोय, पण भाकरीवर जगणारं कुत्रं हवंय. ज्या वस्तीत, ज्या मुक्कामाच्या जागी खरकटं पडतं, तिथं आपण स्वतःच त्याला वाट दाखवतो. संध्याकाळी अंगणात आपली लेकरं खेळतात, हे लक्षात ठेवा.

अमेरिकेत योसेमिटी नावाचं मोठं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथली काळी अस्वलं माणसाच्या खाण्याला चटावली आणि १९९८ साली एका वर्षात हजाराहून जास्त वेळा त्यांनी गाड्या, तंबू फोडले. सवय मोडत नाही म्हणून काही अस्वलं मारावी लागली. आज तिथं रानात मुक्कामाला जाणाऱ्याला अस्वलाला न उघडणारा डबा बाळगणं सक्तीचं आहे. आपल्याकडं तशी वेळ येऊ द्यायची नसेल, तर आतापासून एवढं पाळा :

- मोजून शिजवा. उरणारच नाही असा अंदाज घ्या.
- स्वयंपाक, जेवण, भांडी घासणं हे झोपायच्या जागेपासून लांब करा.
- खरकटं पाणी फडक्यातून गाळा, गाळ पिशवीत घ्या. पाणी टाक्यापासून, झऱ्यापासून लांब मातीवर पसरून टाका. गडावरचं टाकं हे पिण्याचं पाणी आहे.
- कचऱ्याची पिशवी रात्री डब्याबरोबरच टांगा आणि सकाळी खाली न्या. केळाची सालसुद्धा.
- पुरू नका. डुक्कर, कुत्रं उकरून काढतंच.

चुलीचा धूर आणि आग्या मोहोळ

कड्याला, लेण्याच्या तोंडाला आग्या मोहोळ लटकलेलं असतं. खाली चूल पेटवली, धूर वर गेला की माश्या उठतात आणि पळायला जागा नसते. चूल मांडायच्या आधी मान वर करून बघा. अभयारण्याच्या हद्दीत तर जाळ करूच नका. तिथं आगीबाबत कायदा कडक आहे. जेवण पायथ्याच्या गावातून बांधून न्यावं, हे सगळ्यात सोपं.

जनावर समोर आलंच तर?

माकडानं पिशवी धरली तर ओढाओढ करू नका, सोडून द्या. दात दाखवू नका, डोळ्याला डोळा लावू नका, हळू मागं सरका. "घे बाबा आणि जा" म्हणून खाऊ टाकू नका, त्यानं सवय पक्की होते.

रानडुकराची वाट अडवू नका, पिल्लं असतील तर मुळीच नाही. लांबूनच ताटं वाजवा, टॉर्च मारा, त्याला निघायला जागा द्या. दगड मारून, फास लावून किंवा विष घालून बंदोबस्त करणं धोक्याचं आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाही आहे.

माकड किंवा कुत्रं चावलं, ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. "थोडंसंच खरचटलंय" म्हणून थांबू नका. उंदरानं तोंड लावलेलं अन्न खाऊ नका, लेप्टोचा धोका असतो.

वनविभागाची हेल्पलाईन १९२६ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. हे दोन्ही नंबर आत्ताच मोबाईलमध्ये ठेवा. वर गडावर रेंज मिळेलच असं नाही, म्हणून खाली गावात कुणाला तरी सांगून जा.

आपल्या पोरांसाठी

वाटाड्याचं, जेवणाचं काम करणाऱ्या पोरांनो, पाहुणे तुमचंच ऐकतात. चढायच्या आधी पायथ्यालाच दोन मिनिटं उभं करून सांगा : वाटेत कुणाला काही चारायचं नाही, तंबूत खाऊ ठेवायचा नाही, कचरा परत आणायचा. एखादा पाहुणा तोंड वाकडं करेल. करू द्या. सोमवारी माकडं त्याच्या शेतात येणार नाहीत, आपल्या येतील.

माझ्या बॅगेत आता पीठ-मिठाआधी दोन गोष्टी जातात, कडीचा डबा आणि पन्नास फूट दोरी. त्या रात्रीनंतर अजून तंबू फाटलेला नाही.