भिंत पाडण्यापूर्वी

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. बांधलेल्या जुन्या घरात राहता राहताच ते दुरुस्त करणे त्याहून अवघड, असा आमचा अनुभव आहे.

बरकतपुऱ्यातील आमचे बिऱ्हाड अवघे ६२० चौरस फुटांचे. इमारत १९८३ सालची. काचीगुड्याच्या वाड्यातील दीड खोली सोडून येथे आलो तेव्हा ते आम्हांस प्रशस्त वाटले होते. गेल्या वर्षी सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, त्यांचे मनगट मोडले, आणि या घराकडे आम्ही प्रथमच परक्याच्या नजरेने पाहिले.

न्हाणीघराचा निम्मा भाग सिमेंटच्या हौदाने अडविला होता. उभे राहावयास जागा ती काय उरणार! परंतु तो हौद निष्कारण बांधलेला नव्हता. १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे तलाव झाले. पुढे शहर त्यांना पुरून उरले आणि घरोघरी पाणी साठविणे हा संसाराचा नियमच झाला. नंतर मांजरा, कृष्णा आणि २०१५ पासून गोदावरी अशा तीन नद्यांचे पाणी नगरीत आले. या तिन्ही नद्या महाराष्ट्रात उगम पावतात, ही आम्हां हैदराबादी मराठी मंडळींच्या मनाला सुखावणारी गोष्ट. इमारतीच्या गच्चीवर सामाईक टाकी असल्याने हौद काढण्याचे आम्ही ठरविले. त्या जागी खडबडीत फरशी, भिंतीला पोलादी दांडा आणि बसून स्नान करण्यास चौरंग, एवढीच योजना.

दिवाणखाना व स्वयंपाकघर यांमधील भिंत पाडण्याची हौस मात्र मुलाची. वृद्ध मेस्त्रीने भिंतीवर हात फिरवून म्हटले, “नक्को अम्मा, पहले इंजिनेर साब को बताओ.” त्याचे ऐकले हे बरे झाले. साडेचार इंची भिंत बहुधा केवळ आडोशाची असते. नऊ इंची भिंत कित्येकदा वरच्या मजल्यांचा भार वाहते. परंतु जाडीवरून निर्णय करू नये. खांब व तुळया कोठून जातात हे जाणकारास दाखवावे. आमच्या भिंतीत एका कडेला खांबच दडलेला निघाला. तो व लगतचा भाग राखून मधोमध रुंद खिडकी काढली. स्वयंपाकघरात उजेड आला, वारा खेळू लागला.

जमिनीसाठी चकचकीत टाइल्सचा आग्रह झाला. जुन्या शहाबादी फरशीवर त्या बसविल्या असत्या तर इमारतीवर बोजा वाढला असता आणि प्रत्येक दारात बोटभर उंचवटा झाला असता. वृद्धांना उंबरठ्याहून असा उंचवटा अधिक घातक, कारण तो डोळ्यांत भरत नाही. यंत्राने घासून घेताच तीच फरशी निळसर करडी उजळली. वैशाखात तिच्यावर अनवाणी चालण्याचे सुख निराळेच.

आता आमची चूक सांगितली पाहिजे. घाईने न्हाणीघराची फरशी बसवून घेतली आणि पंधरा दिवसांत खालच्या मजल्यावरील तेलुगू कुटुंबाच्या देवघराच्या छतातून पाणी ठिबकू लागले. त्या घराशी आमचा चाळीस वर्षांचा शेजार. त्या अम्मा एक शब्दही बोलल्या नाहीत; देव तेवढे त्यांनी दुसऱ्या खोलीत हलविले. ते मौन आम्हांस फार लागले. फरशी पुन्हा उखडली, जलरोधक थर नव्याने घातला, मोरीचे तोंड बंद करून ४८ तास पाणी कोंडून ठेवले आणि खालचे छत कोरडे राहिले हे त्यांच्यासमवेत पाहिल्यावरच पुढचे काम केले. त्यांचे छत आम्हीच रंगवून दिले. ही परीक्षा आधीच केली असती तर पैसा व मनस्ताप दोन्ही वाचले असते. वाचकांनी एवढे तरी आमच्याकडून घ्यावे.

मुलगा मधून मधून म्हणतो, हे घर विकून गच्चीबावलीकडे मोठे घेऊ. घेईलही. सासूबाई मात्र आता दांड्याला धरून, कोणाच्या मदतीवाचून स्नान करतात. हौद गेल्याचे दुःख त्यांना अजून आहे. चौरंगाशेजारी त्यांनी तांब्याचा हंडा भरून ठेवविला आहे. विचारले तर म्हणतात, “नळाचा काय भरवसा!”