बोमॅरिसचा अपुरा किल्ला

किल्ला कोणी बांधला असे विचारले की आपण राजाचे नाव सांगून मोकळे होतो. दगड कोणी फोडले, चुना कोणी वाहिला, त्यांची मजुरी वेळेवर मिळाली काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. माझे आयुष्य हजेरीपट आणि पगारपत्रके तपासण्यात गेले. त्यामुळे इतिहास वाचतानाही तेच प्रश्न मनात येतात. वेल्समधील बोमॅरिसच्या किल्ल्याबाबत त्यांची उत्तरे मिळतात.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८२-८३ साली वेल्स जिंकले व तेथे कोनवी, कार्नार्व्हन, हार्लेक असे किल्ले उभारले. १२९४ मध्ये वेल्श लोकांनी उठाव केला. त्यानंतर १२९५ च्या वसंतात अँगलसी बेटावर, समुद्रकाठच्या पाणथळ जागी, बोमॅरिसचे काम सुरू झाले. शेजारच्या गावातील वेल्श रहिवाशांना तेथून उठवून दूर न्यूबरो येथे वसविण्यात आले.

किल्ल्याची योजना खरोखर अप्रतिम. बाहेर खंदक, मग एक तट, आणि त्याच्या आत दुसरा अधिक उंच तट; म्हणजे शत्रूवर एकाच वेळी दोन तटांवरून बाणांचा मारा करता येई. भरतीच्या पाण्यावर गलबते थेट दरवाजापाशी धक्क्याला लागत. ही योजना सव्हॉय प्रांतातून आलेल्या मास्टर जेम्स या स्थपतीची. राजाने त्याला रोज तीन शिलिंग तहहयात वेतन बांधून दिले होते.

पण हातांचे काय? इंग्लंडच्या परगण्यांतून माणसे हुकूम काढून आणीत. १२७७ साली फ्लिंटच्या किल्ल्यावर नेलेले खणणारे मजूर वाटेत पळू नयेत म्हणून त्यांच्यावर घोडेस्वारांचा पहारा ठेवला होता!

२७ फेब्रुवारी १२९६ रोजी मास्टर जेम्स व त्याचा सहकारी यांनी राजाच्या खजिन्याला पत्र लिहिले. ते आजही उपलब्ध आहे. त्यात हिशेब दिला आहे: ४०० पाथरवट-गवंडी, २००० बिगारी, खाणीवर २०० माणसे, ३० लोहार, शिवाय सुतार, गाड्या आणि दगड-कोळसा वाहणाऱ्या ३० होड्या. आठवड्याला २५० पौंड हवेत, मजुरी फार थकली आहे, पोटाला काही नसल्याने माणसे टिकवणे कठीण झाले आहे, आणि पैसे लौकर न आले तर आजवरचे सारे काम वाया जाईल, असे ते कळवळून लिहितात. हे लिहिणारा स्वतः भरपगारी अधिकारी होता, हे ध्यानात घ्या.

त्याच वर्षी एडवर्डने स्कॉटलंडवर स्वारी केली. पैसा युद्धाकडे वळला. बोमॅरिसचे काम लवकरच रेंगाळले. १३०६ मध्ये पुन्हा हाती घेतले आणि १३३० च्या सुमारास कायमचे थांबले. आतल्या तटाचे बुरूज ठरलेल्या उंचीपर्यंत कधीच गेले नाहीत.

१९८६ पासून हा किल्ला जागतिक वारसा आहे. लोक तेथे जाऊन योजनेचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. त्या मजुरांना संघटना नव्हती. काम सोडून निघून जाणे एवढाच उपाय त्यांच्या हाती होता. राजाच्या स्थपतीला मात्र पुरते कळले होते की, मजुरी थकली म्हणजे भिंतही थांबते. सहा शतकांहून अधिक काळ त्या थांबलेल्या भिंती तीच साक्ष देत उभ्या आहेत.